नाव कमी करायचे असल्यास

रामबागेतल्या आमच्या संगीत मंडळाचे
दोनशे बारा पत्ते माझ्याकडे आहेत.
खाकी कव्हर घातलेली एक जाड वही,
आणि कंप्युटरात एक फाइल, नाव ‘पत्ते खरे’,
कारण नुसत्या ‘पत्ते’ नावाची आणखी एक होती, चुकांची.

वहीतले लोक पत्ता सांगतात तसाच लिहितात.
‘पिठाच्या गिरणीवर, जिना मागून.’
‘जेल रोड, घड्याळवाल्याच्या बाजूचा बोळ.’
‘लोकमान्य नगर, निळं गेट, कुत्र्यापासून सावध’ –
हे शेवटचं मुळ्यांनी पत्त्यातच घातलंय.
पोस्टमन सिसोदियाला पिनकोड लागत नाही,
तरी मी सहाही आकडे घालते,
डाळ निवडावी तसे, एकेक.

परवा एक मुलगा आला. उन्हाचा, टाय लावून.
सुपर कॉरिडॉरकडे फ्लॅट विकतो.
“मौसीजी, आपकी लिस्ट में सब सीनियर लोग हैं ना?”
पंधरा हजार म्हणाला. मग वीस.
आमच्या पेटीचा भाता मार्चपासून फाटलाय.
मी त्याला पोहे दिले, वर जिरावण.
यादी दिली नाही.

डबीर अध्यक्ष आहेत, ते चिडले.
“पत्ता म्हणजे काय गुपित आहे?
दारावर पाटी असतेच की!”
असते. पण ते दार त्यांचं असतं.
आमच्याकडे तो विरजणाला मागून आणलेल्या वाटीसारखा आलाय.
विरजण लावावं, वाटी घासून परत करावी.
त्या वाटीत आपण कुणाला तूप विकत नाही.
आता कायदाही तसंच म्हणतो, असं शिरीष वकील सांगत होते.
ज्या कामाला घेतला, त्याच कामाला वापरायचा.
मी मान हलवली.
मला हे कायद्याच्या आधी कळलं होतं,
आणि फार उशिरा.

त्या वर्षी दिवाळी पहाटेचं निमंत्रण
मी पहिल्यांदाच ईमेलनं धाडलं.
एकशे चाळीस पत्ते, सगळे ‘टू’च्या रकान्यात,
पंगतीला बसवल्यासारखे,
ज्याला त्याला शेजाऱ्याचं पान दिसेल असे.
खाली बीसीसीचा रकाना होता. रिकामा.
मला वाटलं, तो ऑफिसवाल्यांचा.

त्या पंगतीत मृदुला होती.
नवा ईमेल तिनं चिठ्ठीवर लिहून दिला होता,
‘फक्त कार्यक्रमाच्या सूचनेसाठी. कृपया.’
‘कृपया’खाली रेघ.
आणि सात नावं सोडून तो होता,
ज्याच्या घरातून ती निघाली होती.
त्याचं नाव काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं तिला लिहिलं.
काय लिहिलं ते ती बोलली नाही.
चपला न काढता दारात उभी राहिली,
“माझं नाव कमी करा,” एवढंच म्हणाली.
रागावली असती तर बरं झालं असतं.

मी कमी केलं.
वहीत शाईनं, कागद फाटेपर्यंत.
फाइलमधून. मग कचऱ्याच्या डब्यातूनही.
डोक्यातून कसं करायचं
ते शिरीष वकिलांच्या कायद्यात नाही.
अजून पाठ आहे, टिंबासकट.

त्या रात्री तिला माफीचं पत्र लिहिलं, दोन पानी.
पाकीट चिकटवलं, पाच रुपयांचं तिकीट लावलं,
पत्ता घालायला पेन टेकवलं
आणि तसंच उचललं.
शाईचा एक ठिपका तेवढा पडला.

ते पाकीट वहीच्या शेवटच्या पानात आहे.
तिकीट आहे, पत्ता नाही.

या महिन्याची सूचना आज सकाळी गेली.
दोनशे बारा जणांना, आणि कुणालाच दुसरा दिसला नाही.
विषय: मासिक सभा, शनिवारी सहा वाजता.
(पेटी नाही. तंबोऱ्यावर भागवू.)
सगळ्यात खाली, सहीच्याही खाली,
डबीरांना नको असलेली ओळ:
नाव कमी करायचे असल्यास कळवावे.
कारण विचारले जाणार नाही.